पानभर फोटो आणि दोन खुर्च्या

सदाशिव पेठेतल्या आमच्या रद्दीवाल्याकडे परवा कंपन्यांच्या वार्षिक अहवालांचा गठ्ठा पडला होता. एकात साहेबांचा पानभर फोटो, एकट्यांचा. दुसऱ्यात सात-आठ जणांच्या रांगेत साहेब कुठले, तेच कळेना.

या फरकातून दिसणारी साहेबांची आत्ममग्नता चक्क मोजली गेली आहे. मोठा साहेब मानसशास्त्राची प्रश्नावली कशाला भरेल? म्हणून अरिजित चॅटर्जी आणि डोनाल्ड हॅम्ब्रिक या संशोधकांनी आडवाट धरली. अहवालातला फोटो केवढा, प्रसिद्धिपत्रकांत नाव किती ठळक, मुलाखतीत 'आम्ही'ऐवजी 'मी' किती, दोन नंबरच्या अधिकाऱ्यापेक्षा पगार किती पट. अर्ध्या पानाहून मोठा, एकट्याचा फोटो असला की सर्वाधिक गुण! २००७ साली छापलेल्या या अभ्यासात अमेरिकेतल्या संगणक उद्योगातले १११ सीईओ होते. जास्त आत्ममग्न सीईओंनी इतर कंपन्या विकत घ्यायचा सपाटा लावला, नफ्यातोट्याचे झोकेही मोठे घेतले. सरासरी कामगिरी मात्र इतरांपेक्षा ना बरी, ना वाईट.

असा माणूस संचालक मंडळात काय करतो? मंडळाच्या अध्यक्षाचं काम रोजचा कारभार चालवणाऱ्या एमडीवर, म्हणजे सीईओवर, नजर ठेवायचं. दोन्ही पदं एकाकडे, म्हणजे 'सीएमडी', झाली की सोसायटीच्या खजिनदारानंच हिशेब तपासल्यासारखं होतं. शिवाय वेस्टफाल आणि झॅजॅक या संशोधकांना १९९५ साली दिसलं, की सीईओ वजनदार असला तर नवे संचालकही वयानं, शिक्षणानं त्याच्यासारखेच येतात.

बड्या कंपन्यांत ही पदं वेगळी करायचा नियम शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं केला, लांबणीवर टाकला आणि २०२२ मध्ये ऐच्छिक करून टाकला. म्हणजे निर्णय पुन्हा माणसांवरच. पुण्यातच पाहा. मुंढव्याच्या भारत फोर्जमध्ये बाबा कल्याणी वर्षानुवर्षं अध्यक्ष आणि एमडी दोन्ही. वाकडेवाडीच्या थरमॅक्समध्ये पतीच्या निधनानंतर १९९६ साली अनु आगा अध्यक्ष झाल्या, शिक्षण समाजकार्याचं. २००४ मध्ये त्यांच्या जागी कन्या मेहेर पदमजी आल्या; एमडी मात्र कुटुंबाबाहेरचे. एवढ्यावरून कुणाचा स्वभाव ठरवणं हा निव्वळ कट्ट्यावरचा उद्योग, हेही खरं.

कारण अमेरिकेत बऱ्याचदा अध्यक्षपद हे सीईओला चांगल्या कामाचं बक्षीस म्हणून नंतर मिळतं. मग फोटो आधी मोठा होतो की खुर्ची? मी त्या पानभर फोटोवाल्या कंपनीचा आधीच्या वर्षीचा अहवाल गठ्ठ्यात शोधला. रद्दीवाला म्हणाला, "तो काल गेला, गुळगुळीत कागद आहे ना!"