हिपॅटायटिस सीची गोळी आणि विषाणूचं न सापडलेलं शेपूट

हिपॅटायटिस सी, म्हणजे विषाणूमुळे होणारा एक यकृतदाह, झालेल्या रुग्णाला आज बारा आठवडे रोज गोळ्या घ्याव्या लागतात आणि शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. 2010 पर्यंत चित्र वेगळं होतं. पेगिलेटेड इंटरफेरॉन या विषाणूरोधक प्रथिनाचं आठवड्याला एक इंजेक्शन आणि सोबत रिबाविरिनच्या गोळ्या, असे 48 आठवडे काढावे लागत. ताप, अंगदुखी, नैराश्य, रक्तपेशी घटणं हे सगळं सोसूनही जनुकप्रकार 1 हा विषाणूचा उपप्रकार असलेल्या जेमतेम निम्म्या रुग्णांचा विषाणू जाई. या बदलाचं श्रेय औषध घडवणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांना मिळतं, आणि ते योग्यच आहे. पण तयार केलेलं रसायन तपासायचं कशावर, हा प्रश्न त्याआधी दहा वर्षं अडून होता. चार्ल्स राइस या अमेरिकन विषाणुशास्त्रज्ञाची कारकीर्द समजून घ्यायची ती या प्रश्नासाठी.

आजाराची चाहूल रक्तपेढ्यांतून लागली होती. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हार्वी आल्टर आणि सहकारी रक्त दिल्यानंतर होणाऱ्या यकृतदाहाचा माग काढत होते. 1975 मध्ये त्यांनी दाखवलं की यातले बरेच रुग्ण ना ए विषाणूचे आहेत, ना बी विषाणूचे. कारण हाती यायला 1989 उजाडलं. कायरॉन कंपनीत मायकेल हाउटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी, सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेतल्या डॅनियल ब्रॅडली यांच्या साथीनं, लागण झालेल्या चिंपांझीच्या रक्तद्रवातल्या जनुकीय तुकड्यांचा संग्रह केला. त्या तुकड्यांपासून जीवाणूंत प्रथिनं बनवली आणि रुग्णाच्या रक्तातल्या प्रतिपिंडांना त्यातलं कोणतं चिकटतं ते पाहिलं. सुमारे दहा लाख तुकड्यांतून एक कामाचा निघाला. रक्तचाचणीसाठी एवढं पुरेसं होतं, कारण चाचणीला विषाणूच्या प्रथिनाचा एखादा तुकडा पुरतो. औषध शोधायला मात्र प्रयोगशाळेत वाढणारा विषाणू लागतो, आणि हा विषाणू कोणत्याही पेशीत धड वाढत नव्हता.

राइस यांचं शिक्षण नेमकं इथे उपयोगी पडलं. कॅलटेक या अमेरिकन विद्यापीठात जेम्स स्ट्रॉस यांच्या प्रयोगशाळेत डासांमार्फत पसरणाऱ्या सिंडबिस विषाणूवर काम करून त्यांनी 1981 मध्ये पीएचडी मिळवली. 1985 मध्ये पिवळ्या तापाच्या लशीतल्या विषाणूचा पूर्ण जनुकीय क्रम त्यांच्या गटानं प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी ते सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी डीएनएच्या प्रतीवरून जिवंत विषाणू उभा करायचं तंत्र पक्कं केलं: प्रतीवरून आरएनए बनवायचा, तो पेशीत सोडायचा, आणि पेशी नवे विषाणू बाहेर टाकते का ते पाहायचं. ऐकायला सोपं, करताना नडणारं. पिवळ्या तापाच्या विषाणूची पूर्ण लांबीची प्रत जीवाणूंत टिकत नसे. म्हणून दोन अर्ध्या प्रती वेगवेगळ्या सांभाळून त्या ऐनवेळी परीक्षानळीत जोडाव्या लागत.

हिपॅटायटिस सीचा विषाणू याच कुळातला. सुमारे 9,600 न्यूक्लिओटाइडचा (हे आरएनएचे सुटे घटक) एकपदरी आरएनए, त्यावरून बनणारं सुमारे 3,000 अमिनो आम्लांचं एकच लांब प्रथिन, आणि त्याचे कापून होणारे दहा भाग. ओळखीचं तंत्र वापरून बऱ्याच प्रयोगशाळांनी आरएनए बनवला, पण त्यातून काहीच उगवेना.

पहिलं कारण होतं अपुरा आराखडा. प्रसिद्ध झालेले क्रम शेवटी एकाच न्यूक्लिओटाइडच्या लांब रांगेवर थांबत, आणि विषाणू तिथेच संपतो असा समज होता. असं पुनरावृत्तीचं टोक वाचताना नेहमीची पद्धत फसते. राइस यांच्या गटानं आणि जपानमध्ये कुनितादा शिमोतोहनो यांच्या गटानं आरएनएच्या खऱ्या टोकाला माहितीतला कृत्रिम तुकडा जोडला आणि त्या तुकड्यापासून मागे वाचत आले. त्या रांगेपलीकडे आणखी 98 न्यूक्लिओटाइड सापडले, आणि वेगवेगळ्या रुग्णांच्या विषाणूंत ते जवळपास सारखेच होते. इतक्या बदलत्या विषाणूत जो भाग बदलतच नाही, त्यावाचून विषाणूचं चालत नसणार, हा तर्क बरोबर होता. नव्या प्रती तयार व्हायला याच टोकापासून सुरुवात होते.

हे 98 न्यूक्लिओटाइडचं शेपूट जोडूनही प्रयोग फसत राहिले, आणि याचं कारण जास्त शिकवणारं आहे. या विषाणूचं पॉलिमरेज, म्हणजे आरएनएच्या प्रती काढणारं एन्झाइम, नकल करताना झालेल्या चुका दुरुस्त करत नाही. रुग्णाच्या रक्तात एकच विषाणू नसून थोड्याफार फरकांच्या विषाणूंचा घोळका असतो, आणि त्यातले कितीतरी मुळातच निकामी असतात. भरीस भर म्हणून नमुन्यावरून डीएनए बनवताना आणि तो वाढवतानाही चुका होतात. उचललेल्या प्रतीत एक जरी घातक चूक असली की सगळं काम वाया. राइस यांच्या गटानं एच 77 या नमुन्याच्या अनेक प्रती वाचल्या, प्रत्येक जागी बहुसंख्य प्रतींत असलेला न्यूक्लिओटाइड घेतला आणि तसा एकमताचा क्रम बांधला. 1997 मध्ये त्यापासून बनवलेला आरएनए चिंपांझींच्या यकृतात थेट टोचला. रक्तातला विषाणू वाढत गेला आणि यकृतदाहाची लक्षणं दिसली. हा आजार याच विषाणूनं होतो, दुसरा कोणी साथीदार लागत नाही, हे त्यातून सिद्ध झालं. जेन्स बुख यांच्या गटानंही त्याच वर्षी असाच निकाल मिळवला.

पण चिंपांझीवर हजारो रसायनं तपासता येत नाहीत. पुढचं पाऊल 1999 मध्ये जर्मनीत माइन्झला पडलं. राल्फ बार्टेनश्लागर आणि फोल्कर लोमान यांनी विषाणूचं कवच बनवणारी जनुकं काढून टाकली आणि त्या जागी जी 418 या पेशी मारणाऱ्या औषधापासून वाचवणारं जनुक बसवलं. मागे प्रती काढणारी प्रथिनं आणि ते शेपूट तसंच ठेवलं. हा आरएनए यकृताच्या कर्करोगापासून आलेल्या एचयूएच-7 पेशींत सोडला आणि वर जी 418 घातलं. ज्या पेशीत आरएनए स्वतःच्या प्रती काढत राहतो तीच जगते. अशा वसाहती मोजक्याच उरल्या. संसर्ग न पसरवता प्रती काढणाऱ्या या आरएनएला रेप्लिकॉन म्हणतात.

वसाहती इतक्या थोड्या का, याचा उलगडा राइस यांच्या गटानं 2000 मध्ये केला. तगलेल्या रेप्लिकॉनमध्ये एनएस5ए या प्रथिनात छोटे बदल झाले होते. ते बदल मुद्दाम घातल्यावर दहा टक्क्यांपर्यंत पेशींत रेप्लिकॉन रुजू लागला. मग त्यांनी रेप्लिकॉन असलेल्या पेशींना इंटरफेरॉन देऊन तो घालवला. मागे उरलेली एचयूएच-7.5 ही पेशी पुढे जगभर वापरली गेली. विषाणूच्या आरएनएची चाहूल घेणाऱ्या तिच्या यंत्रणेत दोष असल्यानं ती आत आलेला आरएनए अधिक मुकाट्यानं वाढू देते. इथे एक सावधगिरी लागते. पेशीत फायद्याचे ठरलेले बदल एकत्र घातलेला विषाणू चिंपांझीत वाढत नाही. रेप्लिकॉनवरचा निकाल म्हणूनच औषधाच्या शोधाची सुरुवात असते, पुरावा नसतो. पूर्ण विषाणू पेशीत वाढायला 2005 उजाडलं. त्याचं मूळ तोक्योत ताकाजी वाकिता यांना तीव्र यकृतदाहाच्या रुग्णात मिळालेल्या जेएफएच-1 या प्रकारात होतं.

रेप्लिकॉन हाती आल्यावर औषधशोधाला वेग आला. पेशींवर रसायन घालायचं, आरएनए किती घटला ते मोजायचं, आणि त्याच वेळी पेशी स्वतः मरत नाहीत ना हेही पाहायचं. हे दुसरं मोजमाप सुटलं तर निव्वळ विष औषध भासतं. डॅक्लाटास्विर हे औषध या पद्धतीचं अस्सल फळ म्हणायला हवं. ते ज्या एनएस5एवर चालतं ते प्रथिन एन्झाइम नाही, त्यामुळे परीक्षानळीतल्या एन्झाइम चाचणीत हे औषध कधीच सापडलं नसतं. रुग्णांत 100 मिलिग्रॅमच्या एका मात्रेनं 24 तासांत विषाणू सरासरी सुमारे दोन हजार पटींनी घटला.

सोफोसबुविर या दुसऱ्या औषधाची अडचण निराळी. विषाणूच्या पॉलिमरेजला अडवणारं रूप माहीत होतं, पण मूळ रेणूला पहिला फॉस्फेट जोडण्याचं काम पेशी करतच नव्हती. फार्मासेट कंपनीत मायकेल सोफिया यांच्या गटानं फॉस्फेट आधीच जोडला आणि तो झाकून दिला. यकृतातली एन्झाइमं ते झाकण काढतात. डिसेंबर 2013 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

एकटं औषध मात्र पुरत नाही. रुग्णाच्या शरीरात रोज सुमारे एक लाख कोटी नवे विषाणू बनतात. चुकांचं प्रमाण पाहता, कोणताही एक बदल झालेला विषाणू औषध सुरू होण्यापूर्वीच हजर असतो. प्रोटिएज, म्हणजे विषाणूचं लांब प्रथिन कापणारं एन्झाइम, रोखणारी सुरुवातीची औषधं एकेकटी दिली तेव्हा प्रतिरोधक विषाणू झपाट्यानं वर आले. म्हणून दोन वेगळ्या जागांवर घाव घालणारी जोडी देतात. ती विषाणू मुळापासून घालवू शकते, कारण हा विषाणू एचआयव्हीसारखा आपल्या डीएनएत शिरत नाही आणि हिपॅटायटिस बीसारखा पेशीकेंद्रात डीएनएच्या रूपात दडूनही राहत नाही.

अमेरिकेत सोफोसबुविरची एक गोळी 1,000 डॉलरला होती, म्हणजे बारा आठवड्यांचे 84,000 डॉलर. सप्टेंबर 2014 मध्ये ती विकणाऱ्या गिलियड कंपनीनं मुंबईच्या सिप्लासह सात भारतीय कंपन्यांना ती बनवण्याचे परवाने दिले आणि किंमत कोसळली. 28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात हे उपचार मोफत मिळतात. सिरोसिस (यकृत घट्ट होऊन निकामी होत जाणं) नसेल तर सोफोसबुविर 400 मिलिग्रॅम आणि डॅक्लाटास्विर 60 मिलिग्रॅम, 84 दिवस. सिरोसिस असेल तर डॅक्लाटास्विरऐवजी वेल्पाटास्विर. वारंवार रक्त घ्यावं लागणारी थॅलेसेमियाची मुलं आणि डायलिसिसचे रुग्ण यांच्यासाठी हा बदल फार मोठा आहे.

तरी काही ठिकाणी उपचार चुकतात. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर या गोळ्यांची रक्तातली पातळी घसरते, म्हणून दोन्ही एकत्र देत नाहीत. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरच्या अमिओडारोन या औषधासोबत सोफोसबुविर घेतल्यास हृदयाचे ठोके धोकादायक मंद होऊ शकतात. हिपॅटायटिस बीची चाचणी आधी केली नाही तर सी गेल्यावर बी उसळण्याचा धोका असतो. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनएची चाचणी करायची असते. प्रतिपिंडांची चाचणी बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच येते आणि रुग्ण विनाकारण घाबरतो.

2016 चा लास्कर पुरस्कार बार्टेनश्लागर, राइस आणि सोफिया यांना, तर 2020 चं नोबेल आल्टर, हाउटन आणि राइस यांना मिळालं. लस अजून नाही. बरा झालेला माणूस पुन्हा बाधित होऊ शकतो, आणि अमेरिकेत चिंपांझींवरचं संशोधन थांबल्यानं लस तपासायला प्राणीही उरलेला नाही. पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गेलेल्या राइस यांच्या गटानं त्याच शहरातल्या उंदरांत सापडलेला या विषाणूचा एक नातलग 2017 मध्ये प्रयोगशाळेतल्या छोट्या उंदरांत वाढवून दाखवला. यकृत त्याला कसं परतवून लावतं, याचा अभ्यास आता त्यावर होतो.