कंबर, कापूस आणि मे महिन्यातली रात्र

लग्नसराई आली की आमच्याकडे विदर्भात तालुक्याच्या बाजारात गाद्यांच्या दुकानांसमोर टेम्पो लागतात. आंदणात पलंग-गादी द्यायची रीत अजून आहे, गादी मात्र बदलली. पूर्वी घरचा कापूस बाजूला काढून गादी भरून घेत. आता प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, वर सोनेरी अक्षरांत ‘ऑर्थोपेडिक’ छापलेली गादी येते. गादीच्या बाबतीत या शब्दाला ठरलेली वैद्यकीय व्याख्या नाही. कुणीही तो छापू शकतो, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच निघतो की गादी कडक आहे.

कडक गादी कंबरेला चांगली, ही समजूत आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. कंबर धरली की ‘फळीवर झोपा’ हा सल्ला डॉक्टरही वर्षानुवर्षं देत आले. स्पेनमधल्या संशोधकांनी हे एकदा नीट तपासून पाहिलं. बरेच दिवस कंबर दुखत असलेल्या ३१३ जणांना दोन गटांत विभागलं. एका गटाला कडक गादी दिली, दुसऱ्याला मध्यम कडक, आणि कुणाला कोणती मिळाली हे त्यांना सांगितलं नाही. ९० दिवसांनी पाहिलं तर मध्यम कडक गादीवाल्यांचा अंथरुणातला त्रास, सकाळी उठतानाचं दुखणं आणि दिवसाच्या कामातली अडचण, तिन्ही जास्त कमी झालं होतं. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. गादीचा कडकपणा मोजायची एक युरोपीय मोजपट्टी आहे, १ म्हणजे सगळ्यात कडक आणि १० म्हणजे सगळ्यात मऊ. या प्रयोगातली कडक गादी २.३ वर होती आणि मध्यम ५.६ वर. म्हणजे जिंकली ती गादी जवळजवळ मधोमध होती.

असं का होतं, ते कुशीवर झोपून कळतं. कुशीवर आपलं वजन मुख्यतः खांदा आणि कुल्ला या दोन ठिकाणी पडतं. फळीवर हे दोन्ही आत जात नाहीत, त्यामुळे कंबर अधांतरी राहते आणि पाठीचा कणा खाली झुकतो. खांद्याखालच्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दाबल्या जातात, हाताला मुंग्या येतात, झोपेतच माणूस कूस बदलतो. फार मऊ गादीवर उलटं होतं. शरीराचा सगळ्यात जड भाग कमरेखालचा, तो सगळ्यात खोल जातो आणि माणूस झोळीत पडल्यासारखा वाकतो. शिवाय त्या खड्ड्यातून कूस बदलायलाच जोर लागतो. एरवी धडधाकट माणूस रात्रीतून कितीतरी वेळा हलतो, आणि ते हलणं गरजेचंच आहे.

मणक्यांमधल्या चकत्यांचं कामही रात्रीच चालतं. दिवसभराच्या वजनाने त्यांच्यातलं पाणी पिळून निघतं. आडवं झालं की त्या पुन्हा पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त भरते. निंदण किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत, दिवसभर वाकून आलेल्या बाईला या विश्रांतीची गरज किती असेल ते सांगायला नको.

आता यातली मेख. ‘मध्यम’ हे गादीवर छापून येत नाही, ते झोपणाऱ्याच्या वजनावर ठरतं. ४५ किलोच्या आजीला जी गादी दगडासारखी वाटते, तीच ९० किलोच्या जावईबापूंना मऊ वाटते. त्यामुळे ‘कोणती गादी चांगली’ या प्रश्नाला ‘कुणासाठी’ हे जोडल्याशिवाय उत्तर नाही. आणि विदर्भात त्याला आणखी एक प्रश्न जोडावा लागतो: कोणत्या महिन्यात?

नागपूरच्या वेधशाळेत २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश. एकाच गावात, एकाच पलंगावर, एकाच गादीने या दोन टोकांना तोंड द्यायचं. गाद्यांच्या जाहिराती सगळीकडे सारख्याच असल्या तरी आपली हवा तशी नाही.

झोप लागण्यासाठी शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, रात्रभरात साधारण एक अंशाने. त्यासाठी झोपेच्या आधी हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता बाहेर टाकली जाते. निजलेला माणूससुद्धा साधारण ७० ते ८० वॉट उष्णता सोडत असतो, म्हणजे साठ वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बपेक्षा थोडी जास्तच. ती निघून जायला जागा मिळाली नाही तर गाढ झोप आणि स्वप्नांची झोप, दोन्ही तुटतात. उन्हाळ्यात आठ तास पडूनही सकाळी अंग आंबलेलं असतं, ते यामुळे. पाठीचा गादीला टेकलेला भाग तर सगळ्यात अडचणीत. तिथे कूलरची हवा पोचत नाही आणि घामही वाळत नाही.

इथे गादी कशाची आहे याला महत्त्व येतं. साध्या फोममध्ये बारीक बारीक पोकळ्या असतात, त्यातली हवा जवळजवळ जागची हलत नाही. स्थिर हवा उष्णता अडवते. डिसेंबरात हे सुख वाटतं, मे महिन्यात पाठ भाजते. मेमरी फोमची गोष्ट आणखी वेगळी. १९६६ साली अमेरिकेच्या नासासाठी, विमानातल्या बैठकीत धक्का झेलायला म्हणून तो तयार झाला. उष्णतेने तो मऊ होतो आणि थंडीत ताठर, हाच त्याचा गुण. वातानुकूलित खोलीत त्याचा तोल राहतो. पण दिवसभर तापलेल्या स्लॅबखालच्या खोलीत तो नको इतका खचतो, आणि पौषातल्या पहाटे अंग टाकल्यावर काही वेळ फळीसारखा लागतो. आपल्याकडे एसी नसलेल्या घरात मी तरी मेमरी फोमची जाड गादी घेऊ नका असंच सांगेन.

स्प्रिंगच्या गादीत आतून हवा खेळते, त्यामुळे ती थंड राहते. सगळ्या स्प्रिंगा एकमेकींना बांधलेल्या असतील तर एकाने कूस बदलली की शेजारचा हलतो. प्रत्येक स्प्रिंग कापडी पिशवीत सुटी असेल तर तो त्रास कमी. काथ्याची गादी म्हणजे नारळाचा काथ्या रबराच्या चिकाने बांधून केलेली. ती कडक असते, हवा चांगली खेळवते, पण नुसत्या काथ्यावर हडकुळ्या माणसाला टोचल्यासारखं होतं. वर दोन-तीन इंच मऊ थर असलेली घ्यावी.

फोम घेताना दुकानदार ‘बत्तीस डेन्सिटी’, ‘चाळीस डेन्सिटी’ असं ठासून सांगतो. हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किलोत. आकडा मोठा तर माल जास्त, गादी टिकायला बरी. कडकपणा ही वेगळी गोष्ट आहे. चाळीसचा फोम मऊही बनवता येतो आणि कडकही. कंबरेसाठी म्हणून जास्त डेन्सिटीचे पैसे मोजत असाल, तर ते टिकाऊपणाचे पैसे आहेत एवढं लक्षात असू द्या.

आणि मग आपली कापसाची गादी. ज्याच्या शेतात पांढरं सोनं पिकतं त्या प्रदेशाने कापसाच्या गादीला मागासलेपणाची खूण समजावं, याचं मला नवल वाटतं. कापसाचा धागा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो गोल नसतो. बोंडात असताना ती एक पोकळ नळी असते. बोंड फुटलं की ती वाळते, चपटी होते आणि स्वतःभोवती पीळ घेते. या पिळांमुळे धागे एकमेकांत अडकतात आणि मध्ये हवा धरून ठेवतात. गादीचा फुगीरपणा म्हणजे हीच हवा. शिवाय कापूस ओल शोषतो. नेहमीच्या दमट हवेत तो आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी धरतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. रात्रीचा घाम कापूस घेतो आणि दिवसा उन्हात परत देतो.

पण रोजचं वजन आणि ओल यांनी धागे दबतात, एकमेकांना चिकटून गोळे होतात. वर्ष-दोन वर्षांत मधोमध खड्डा आणि कडेला ढेकळं. गावात अजूनही पिंजणी यंत्र बसवलेली गाडी फिरते. गादीवाला खोळ उसवतो आणि आतला करडा, दडस कापूस हाताने फाडून यंत्राच्या तोंडात घालतो. आत दातेरी रूळ फिरत असतो. दुसऱ्या बाजूने त्याच कापसाचा पांढरट ढग बाहेर पडतो, आणि ओट्यावर तिप्पट उंचीचा ढीग लागतो. ‘जुना कापूस मेला असं म्हणतात,’ मी एकाला म्हटलं. त्याने तोंडावरचं फडकं खाली केलं. ‘मरत नाही जी, दबते. पिंजला का पुन्हा उठते.’ त्याने सांगितलं ते विज्ञानाला धरूनच आहे. रूळाचे दाते गुंतलेले धागे सुटे करतात, अडकलेली हवा परत येते. मात्र दर पिंजणीला काही धागे तुटतात आणि भुगा होऊन उडतात, म्हणून एक-दोन किलो नवा कापूस घालावा लागतो. तो घालताना कंजूषी होते. बाजारात भाव न मिळालेली कवडी, म्हणजे किडक्या बोंडातला डागाळलेला कापूस, किंवा फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावर उभ्या ठेवलेल्या झाडांचा कापूस गादीत जातो. त्याचा धागा आखूड आणि कमजोर, तो लवकर बसतो. सरकीचे तुकडे राहिले तर उंदीर गादी फोडतात ते वेगळंच.

नीट पिंजलेली, चार-पाच इंच जाडीची, टाके घट्ट घातलेली कापसाची गादी सपाट फळीवर टाकली, तर मध्यम वजनाच्या माणसाला त्या प्रयोगातल्या मधल्या कडकपणाच्या आसपासचं काहीतरी मिळतं, असं मला वाटतं. टाके ढिले असतील तर कापूस सरकतो आणि सगळा हिशेब बिघडतो.

गादीइतकंच तिच्याखालचं महत्त्वाचं. सुंभाच्या किंवा नवारीच्या बाजेला खालून हवा लागते, उन्हाळ्यात तिच्यासारखं सुख नाही. अंगणात टाकली तर आणखी बरं, कारण रात्री निरभ्र आकाशाकडे उष्णता मोकळी निघून जाते आणि स्लॅबच्या घरात भिंती मध्यरात्रीपर्यंत दिवसाची उष्णता ओकत राहतात. पण विणकाम ढिलं पडलं की बाज मधोमध खचते, आणि तिच्यावर कितीही भारी गादी टाकली तरी ती त्याच खड्ड्याचा आकार घेते. पायथ्याकडची दोरी दर काही दिवसांनी ओढून घ्यावी. उलट टोक म्हणजे प्लायवूडचा बंद दिवाण. पावसाळ्यात, विशेषतः भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे, त्यावरच्या फोमच्या पोटाला बुरशी धरते. घामाची वाफ खाली उतरते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. फळीला भोकं पाडून घ्यावीत किंवा आठवड्यातून एकदा गादी उभी करून ठेवावी.

जमिनीवर झोपणं अनेकांना मानवतं. फरशी उष्णता ओढून घेते, म्हणून मे महिन्यात पाठ गार राहते. पण पावसाळ्यात मी याच्या विरोधात आहे, आणि त्याचं कारण कंबर नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावते. तिचा दंश बऱ्याचदा दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात, तोवर वेळ गेलेला असतो. अशा वेळी झाडफूक करत न बसता थेट दवाखाना गाठायचा. नेपाळमधल्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी होतो असं दिसलं. उंच बाज, आणि कडा गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. शेतातल्या घरात याहून मोलाची झोपेची व्यवस्था नाही.

गादीला ऊन दाखवण्याची आपली सवय उत्तम आहे. धुळीतले सूक्ष्म किडे पाणी पीत नाहीत, हवेतली ओल शोषून जगतात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारची आर्द्रता आपल्याकडे अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली जाते, तेव्हा ते तग धरू शकत नाहीत. मेलेल्या किड्यांची भुकटी मात्र दम्याच्या माणसाला त्रास देतच राहते, म्हणून वाळवल्यावर गादी घराबाहेरच झोडपावी. ढेकणांना ५० अंशांच्या आसपासची उष्णता सहन होत नाही. पण उन्हात गादीचा वरचा थर तापला तरी पोटात ती थंडच असते आणि ढेकूण तिकडे सरकतात. शिवाय ते गादीत कमी आणि बाजेच्या सांध्यांत जास्त असतात. तिथे उकळतं पाणी ओतणाऱ्या आज्यांचा नेम बरोबर होता.

तान्ह्या बाळाला यातलं मऊ काहीच नको. सपाट, घट्ट अंथरूण आणि पाठीवर झोपवणं, आजूबाजूला उशा नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कोणतीही गादी असली तरी दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर जखमा होतात. आणि कंबरेबरोबर पायात बधिरपणा किंवा मुंग्या असतील तर आधी डॉक्टरला दाखवा, गादी नंतर बघू.

दुकानात गेल्यावर गादी हाताने दाबून काही कळत नाही. चपला काढून तिच्यावर दहा मिनिटं पडा, तुम्ही ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर. सोबतच्याला मागून पाहायला सांगा, मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ सरळ दिसते का. पाठीवर पडून कंबरेखाली हात घालून पाहा. सहज आरपार गेला तर गादी कडक, जातच नसेल तर मऊ, थोडा अडखळत गेला तर बरोबर. लोक बघतील, बघू द्या. आणि पलंगाचं माप घरून लिहून न्या. गावच्या सुताराने केलेल्या दिवाणाचं माप कारखान्याच्या मापाशी जुळेलच असं नाही, आणि चार बोटं बाहेर लोंबणारी कड आधी बसते.