पोप डावे असतात का? चर्चची सामाजिक शिकवण आणि समाजवाद

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये ‘ही अर्थव्यवस्था जीव घेते’ असं लिहिलं आणि अमेरिकेतल्या काही टीकाकारांनी त्यांना थेट मार्क्सवादी ठरवून टाकलं. पोप चिडले नाहीत. मार्क्सवादी विचारसरणी चुकीची आहे, पण भले मार्क्सवादी मला पुष्कळ भेटलेत, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

पोपना डावं समजण्याचा हा घोळ जुना आहे, आणि तो होण्यासारखाच आहे. पोप लिओ तेरावे यांचं १८९१ चं ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक, म्हणजे चर्चला उद्देशून लिहिलेलं जाहीर पत्र, उघडा. मूठभर श्रीमंतांनी असंख्य मजुरांच्या मानेवर जवळजवळ गुलामगिरीचं जोखड ठेवलंय, असं त्यात म्हटलंय. मजुराने होकार दिला म्हणून मजुरी न्याय्य होत नाही, तिच्यात त्याचा चरितार्थ चालला पाहिजे. कामगारांना संघटनेचा हक्क आहे. इथवर कुठलाही समाजवादी मान डोलावेल.

पण त्याच परिपत्रकात, अगदी सुरुवातीलाच, समाजवाद्यांचा उपाय साफ नाकारलाय. कारण मोठं मार्मिक आहे. मजूर पोटाला चिमटा काढून चार पैसे बाजूला टाकतो आणि जमिनीचा तुकडा घेतो. तो तुकडा म्हणजे दुसऱ्या रूपातली त्याची मजुरीच. खासगी मालकी रद्द केलीत, तर पहिला फटका त्यालाच बसतो.

मग मालकी पवित्र, असं म्हणायचं का? तसंही नाही. पृथ्वीवरची संपत्ती मुळात सगळ्यांसाठी आहे आणि खासगी मालकीचा हक्क त्या चौकटीत बसतो, ही कॅथलिक चर्चची भूमिका. जॉन पॉल दुसरे १९७९ मध्ये मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे म्हणाले, की प्रत्येक खासगी मालमत्तेवर एक सामाजिक गहाण आहे. सातबाऱ्यावर मालक म्हणून नाव तुमचंच, पण ‘इतर हक्कां’त समाजाचा बोजा चढलेला, तसं हे. पॉल सहावे त्याआधीच, १९६७ मध्ये, सांगून बसले होते की अवाढव्य जमिनी पडीक असतील किंवा लोकांच्या हालांना कारण होत असतील, तर सार्वजनिक हितासाठी त्या काढून घ्याव्या लागू शकतात. समाजवादीही त्या काढून घेईल. पुढे फेरफार कोणाच्या नावे होतो, तिथे वाटा फुटतात. लिओंना शक्य तितके जास्त लोक मालक झालेले हवे होते. सरकार हा एकमेव मालक त्यांना चालत नव्हता. वर्गसंघर्षही नाही: भांडवलाला श्रमाची आणि श्रमाला भांडवलाची गरज आहे, असं त्यांचं म्हणणं.

समाजवाद आणि साम्यवाद यांनाही चर्च एकाच मापाने मोजत नाही. पोप पायस अकरावे यांनी १९३१ च्या परिपत्रकात दोघांत फरक केला. मवाळ समाजवाद्यांच्या काही मागण्या ख्रिस्ती सुधारकांच्या मागण्यांच्या अगदी जवळ जातात, हेही कबूल केलं. तरीही चांगला कॅथलिक आणि खरा समाजवादी एकाच वेळी होता येत नाही, हे त्यांचं वाक्य प्रसिद्ध आहे. आज ते कुठल्याही कल्याणकारी योजनेवर फेकून मारलं जातं, हा मला अन्याय वाटतो. मूठभरांच्या हाती एकवटलेल्या आर्थिक हुकूमशाहीवर त्याच पत्रात कडक आसूड ओढलेत, ते कोणी उद्धृत करत नाही. साम्यवादाबाबत मात्र सूट नाही. १९३७ मध्ये तो मुळातच दुष्ट ठरला, आणि १९४९ च्या फर्मानाने त्या निरीश्वरवादी सिद्धांताचा पुरस्कार करणाऱ्या कॅथलिकांना बहिष्कृत केलं.

भांडवलशाहीला उत्तर मिळतं ते ‘जर-तर’चं. साम्यवादी राजवटी कोसळल्यावर, १९९१ मध्ये, जॉन पॉल दुसऱ्यांनी लिहिलं: उद्योग, बाजार, खासगी मालकी आणि त्यांच्याबरोबर येणारी जबाबदारी, असा अर्थ असेल तर होय. कायद्याची पक्की चौकट नसलेलं मोकाट आर्थिक स्वातंत्र्य असा असेल, तर नाही. म्हणजे साम्यवादाला मुळापासून नकार, भांडवलशाहीला अटींवर मान्यता. पहिल्याने डावे नाराज, त्या अटींनी उजवे. यातून चर्च तिसरा मार्ग काढतंय असं कोणी समजू नये. ती आमची भूमिका नाही, हे त्याच पोपांनी १९८७ मध्ये लिहून ठेवलंय.

ही शिकवण कारखान्यात उतरलेली पाहायची, तर स्पेनमधल्या मोंद्रागोन गावाकडे बघावं. एका कॅथलिक धर्मगुरूने तिथल्या तरुणांसाठी तंत्रशाळा काढली आणि तिच्या विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये पहिली सहकारी संस्था उभारली. कामगारच भागधारक, भाग कितीही असला तरी मत एकच, आणि माल खुल्या बाजारात विकायचा.