गंभीर आजारी मुलांच्या मातांसाठी आध्यात्मिक आधार

मुलाच्या जीवघेण्या किंवा वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजारपणात आईची श्रद्धा, अपराधभाव, आशा आणि ‘माझ्याच बाळाच्या वाट्याला हे का?’ हा प्रश्न यांना दिली जाणारी साथ. पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करून रुग्णाला व कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवेचा, हा एक भाग आहे. देव मानणाऱ्या आईइतकीच ती न मानणाऱ्या आईलाही लागते, कारण हा प्रश्न दोघींनाही पडतो.

दुखण्याला शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चार अंगे असतात, हा विचार ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी मांडला आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (बरे न होणाऱ्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था) सुरू केले. मुलांसाठीचे पहिले हॉस्पिस, हेलन हाउस, १९८२ मध्ये ऑक्सफर्डला उभे राहिले. हेलन या आजारी मुलीच्या कुटुंबाशी ख्रिस्ती संन्यासिनी सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका यांची जी मैत्री जुळली, तिच्यातून ते घडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार मुलांची पॅलिएटिव्ह केअर निदानापासूनच सुरू होते आणि कुटुंबाला आधार देणेही तीत येते. तरीही बऱ्याचदा आईकडे लक्ष जाते ते ती कोलमडल्यावरच.

आईच्या मनात सर्वांत खोल रुतलेला असतो तो अपराधभाव. गरोदरपणात काही चुकले का, पहिल्याच तापाला डॉक्टरकडे न्यायला हवे होते का, ही कशाची शिक्षा आहे? आनुवंशिक आजारात तर ‘माझ्याकडूनच हे त्याच्यात गेले’ ही बोच सुटत नाही. दोष कोणाचाच नाही हे डॉक्टरांनी दहादा सांगितले तरी बुद्धीला पटते, मनाला पटत नाही. अशा वेळी ‘देव परीक्षा पाहतो’ हे सांत्वन तिला आणखी एकटे पाडते. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांच्या संशोधनात, देव सोबत आहे असे मानणाऱ्यांना श्रद्धा सावरते, तर देवाने टाकले किंवा शिक्षा केली असे वाटणाऱ्यांचा मानसिक त्रास अधिक दिसतो. म्हणून देवावर रागावलेल्या आईला तो राग बोलून दाखवू देणे, हाच तिचा आधार. आपली प्रार्थना थांबली म्हणून मूल बरे होत नाही, अशी भीतीही एखादी मनात धरून बसते. कोणी शांतपणे विचारल्याशिवाय ती बाहेर येत नाही.

विचारणारी व्यक्ती रुग्णालयातील चॅप्लेन (आध्यात्मिक आधार देण्यासाठी नेमलेली व्यक्ती), समुपदेशक किंवा परिचारिका असू शकते. ‘सध्या तुम्हाला कशाचा आधार वाटतो?’ एवढा प्रश्नही पुरतो. थोडा वेळ मुलाच्या खाटेपाशी दुसरे कोणी बसले, तर आईला प्रार्थनेला, ध्यानाला किंवा नुसते रडायला बाहेर जाता येते. ही मदत उपदेशापेक्षा मोलाची आहे.

सर्वांत अवघड प्रसंग मूल ‘मी मरणार का?’ असे विचारते तेव्हाचा. उत्तराचे शब्द आईच्या स्वतःच्या श्रद्धेतून यावे लागतात आणि ते शोधायला तिला सोबत हवी असते. कर्करोगाने मूल गमावलेल्या स्वीडनमधील पालकांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाशी मृत्यूविषयी बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही त्याचा पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्या २५८ पैकी ६९ जणांना मात्र होता.

झोप उडणे, जेवण सुटणे, जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे आईमध्ये दिसली, तर तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणे आवश्यक असते; प्रार्थना किंवा समुपदेशन त्याची जागा घेऊ शकत नाही. मूल बरे होऊन घरी आल्यावरही आजार उलटण्याची धास्ती आईला झोपू देत नाही, आणि नेमके तेव्हाच विचारपूस करणारे कमी झालेले असतात.