म्हशीला कुणी ‘म्हैस’ अशी हाक मारतं का?

मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टी तपासायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. गोष्टीत बर्फ आला की पांढरं अस्वल येतं, आणि पांढरं अस्वल आलं की बहुतेक वेळा त्याचं नाव ‘नानुक’ असतं. हस्तलिखिताच्या समासात लेखकाची हौशी टीपही असते: ‘एस्किमो भाषेत नानुक म्हणजे ध्रुवीय अस्वल.’ म्हणजे चूक आणि त्या चुकीचा पुरावा एकाच ओळीत. मी पेन्सिलीनं गोल करते आणि शेजारी लिहिते, ‘तुमच्या गोठ्यातल्या म्हशीचं नाव काय?’

लेखकांना वाटतं बाई चेष्टा करतायत. चेष्टा नाही. गोठ्यात कपिला असते, ढवळी असते, बैलांची जोडी सर्जा-राजा असते. दावणीला बांधलेल्या म्हशीला ‘ए म्हैस’ म्हणणारा माणूस एक तर शहरातून पाहुणा आलेला असतो किंवा रागावलेला असतो. प्राण्याच्या जातीचं नाव वेगळं आणि त्या एका प्राण्याचं नाव वेगळं, हे आपल्याला गोठ्यात बरोबर कळतं. आर्क्टिकमध्ये पाऊल ठेवलं की विसरायला होतं.

आधी फुटकळ गोष्टी उरकते. हा प्राणी कोण ते तुम्हाला ठाऊक आहे. 1774 मध्ये फिप्स नावाच्या ब्रिटिश दर्यावर्दीनं त्याला ‘उर्सस मॅरिटिमस’, म्हणजे समुद्री अस्वल, हे शास्त्रीय नाव दिलं. दक्षिण ध्रुवावर तो नाही, तेव्हा त्याच्या शेजारी पेंग्विन काढणाऱ्या चित्रकारांनी कृपा करून थांबावं. ‘ध्रुवीय अस्वल’ म्हणायचं की ‘हिमअस्वल’, यावर भांडणारे लोक आहेत. मी त्यात नाही. मला ‘हिमअस्वल’ आवडतं, कारण ‘ध्रुवीय’ला भूगोलाच्या पुस्तकाचा वास येतो आणि ध्रुव तर दोन आहेत. जर्मन आणि नॉर्वेजियन लोकही ‘बर्फाचं अस्वल’ असंच म्हणतात. रशियन आपले सरळ ‘पांढरं अस्वल’ म्हणून मोकळे होतात. तुम्ही ‘पोलर बेअर’ लिहिलंत तरी मी खोडणार नाही. ‘एस्किमो भाषा’ मात्र खोडीन. तशी एकच एक भाषा नाही, आणि कॅनडातल्या आर्क्टिकमध्ये राहणाऱ्या इनुइट लोकांना तो शब्द स्वतःसाठी नको आहे.

आता खरी गल्लत.

कॅनडातल्या इनुइट भाषेत ‘ननुक्’ म्हणजे हिमअस्वल. शेवटचा क आपल्या क-पेक्षा बराच खोल, पडजिभेपाशी उच्चारायचा. ते सामान्यनाम आहे; आपल्या ‘अस्वल’इतकं, ‘म्हैस’इतकं सामान्य. या भाषेला संस्कृतसारखं द्विवचन आहे, आणि त्यात ‘उ’ लांबतो, ‘ननूक्’ होतं. म्हणजे दोन अस्वलं. मराठी शुद्धलेखनाच्या नियमानं अकारान्त शब्दातला उपान्त्य उकार दीर्घ, म्हणून आमचे मुद्रितशोधक इमानेइतबारे ‘नानुक’चं ‘नानूक’ करतात आणि एका पिल्लाचं जवळजवळ दोन अस्वलं करून टाकतात. हे मला कळलं त्या दिवशी मी एकटीच हसत बसले होते.

इथवर लेखक मान्य करतात. मग हमखास येतो तो प्रश्न: ‘पण 1922 च्या त्या प्रसिद्ध मूकपटाच्या नायकाचं नावही नानुकच होतं की!’ होतं. रॉबर्ट फ्लॅहर्टीच्या त्या ‘नानुक ऑफ द नॉर्थ’ चित्रपटातल्या शिकाऱ्याचं खरं नाव अल्लाकारिअल्लाक. पडद्यावर त्याला ‘नानुक’ केलं. आणि ते नाव म्हणून चाललं, कारण तो माणूस होता.

सगळी गोम इथे आहे. जातीचा शब्द जातीपासून दूर नेला की त्याचं नाव होतं. जातीलाच परत चिकटवला की तो पुन्हा शब्द होतो. मयूर हे मुलाचं छान नाव आहे. कोकिळा हे आत्याचं नाव असू शकतं. पण मोराचं नाव कुणी मयूर ठेवलं, तर त्यानं नाव ठेवलेलंच नाही. पाच वेळा विम्बल्डन जिंकलेला ब्योर्न बोर्ग घ्या. स्वीडिश भाषेत ‘ब्योर्न’ म्हणजे अस्वल. बोर्गच्या आईवडिलांनी मुलाला नाव दिलं. स्टॉकहोममधल्या एखाद्या अस्वलाला तेच दिलं असतं तर फक्त वर्णन झालं असतं. तुमच्या गोष्टीतल्या कुत्र्याला नानुक म्हणा, होडीला म्हणा, इग्लूतल्या खोडकर पोराला म्हणा. अस्वलाला सोडून कुणालाही म्हणा.

‘पण आम्ही मांजराला माऊ म्हणतो, पोपटाला राघू म्हणतो, त्याचं काय?’ हा आक्षेप पहिल्यांदा आला तेव्हा मी दोन दिवस अडले होते. उत्तर असं, की घरात ते एकच असतं. एकच मांजर असेल तेव्हा ‘माऊ’ पुरतं. शेजारची माऊ खिडकीतून आत आली की आपसूक ‘आपली मनी’ आणि ‘ती बोकी’ सुरू होतं. हडसन उपसागराच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आजीला अस्वल हे घरातलं एकुलतं एक मांजर नसतं. ती ‘ननुक्’ असं ओरडते तेव्हा त्याचा अर्थ ‘ये रे सोन्या’ असा नसून ‘पोरांनो, घरात व्हा’ असा असतो. तुमच्या गोष्टीत तीच आजी पिल्लाच्या गळ्यात हात टाकून ‘माझा नानुक’ म्हणाली, की ज्याला भाषा येते त्याला ती ‘माझा अस्वल’ म्हणताना ऐकू येते.

म्हणून नाव ठेवताना मी एकच विचारते: हाक कोण मारतंय, आणि ती ऐकू कुणाला जातेय? रशियातल्या प्राणिसंग्रहालयांत ‘उम्का’ नावाची अस्वलं बरीच झाली. रशियाच्या ईशान्य टोकाला राहणाऱ्या चुकची लोकांच्या भाषेत उम्का म्हणजे मोठं नर हिमअस्वल, म्हणजे मूळ दोष तोच. पण 1969 साली तिथे या नावाच्या पिल्लाचा एक कार्टूनपट आला आणि सगळ्या सोव्हिएत मुलांना उम्का हे त्या एका पिल्लाचं नाव म्हणून पाठ झालं. रशियन कानाला त्यात ‘अस्वल’ ऐकूच येत नाही. तिथे ते नाव आहे. चुकची म्हाताऱ्याच्या अंगणात नाही. नानुकही पुण्यातल्या वाचकाच्या कानाला नावच वाटतं, हे मला कबूल. मग गोष्ट पुण्यात घडवा. नुनावुतमध्ये, म्हणजे कॅनडातल्या इनुइट लोकांच्या प्रदेशात, घडवणार असाल तर तिथला कान उसना घ्यावा लागेल.

याच गल्लतीचा माझा आवडता नमुना सिंगापूरचा आहे. तिथल्या प्राणिसंग्रहालयात 26 डिसेंबर 1990 रोजी विषुववृत्ताजवळच्या उकाड्यात एक हिमअस्वल जन्मलं. उष्ण कटिबंधात जन्मलेलं पहिलंच. सहलीला गेलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांच्या अल्बममध्ये ते असेल. त्याचं नाव इनुका. आईचं शीबा, बापाचं (ओळखलंत) नानुक. ‘इनुका’ म्हणजे गुपचूप मागावर राहणारा, असा अर्थ तेव्हा सांगितला गेला. इनुइट भाषेत ‘इनुक’ म्हणजे माणूस, ‘इनुइट’ हे त्याचंच अनेकवचन. म्हणजे त्या भाषेच्या कानाला बाप अस्वल आणि मुलगा जवळजवळ माणूस. इनुका तिथेच वाढला, म्हातारा झाला आणि 2018 च्या एप्रिलमध्ये गेला.

रंगावरून नाव ठेवायला माझी ना नाही, ढवळी हे नाव मीच वर दिलंय. जर्मनीत न्यूरेम्बर्गला 2007 मध्ये जन्मलेल्या पिल्लाला रखवालदार आपसांत ‘फ्लोके’, म्हणजे हिमकण, म्हणायचे आणि शेवटी तेच नाव कायम झालं. रोज दूध पाजणाऱ्याच्या तोंडून आलेलं नाव हजारो लोकांच्या सूचनांपेक्षा बरं, असं माझं ठाम मत आहे. फक्त ‘हिमानी’, ‘शुभ्रा’, ‘बर्फी’ ठेवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: या प्राण्याचे केस पांढरे नसतात. ते पारदर्शक आणि आतून पोकळ असतात, खाली कातडी काळी. 2004 मध्ये सिंगापूरच्या दमट हवेत त्या पोकळीत शेवाळ वाढलं आणि शीबा व इनुका हिरवे झाले. हिरवी शुभ्रा कशी दिसेल ते डोळ्यांसमोर आणा.

माणसांची नावं मला सगळ्यात आवडतात. बर्लिनमध्ये 5 डिसेंबर 2006 ला जन्मलेलं, आईनं टाकलेलं पिल्लू ‘क्नूट’ झालं. जुन्या उत्तरेकडच्या राजांचं, आणि आजही तिकडच्या एखाद्या काकांचं असू शकेल असं नाव. त्याचा बाप लार्स. या नावांत बर्फ नाही, गोंडसपणा नाही. प्राण्याला अंग आहे, वजन आहे, असं वाटतं. पुरस्कर्त्याचं नाव अस्वलाच्या गळ्यात घालणं मात्र मला सहन होत नाही. बर्लिनच्याच दुसऱ्या प्राणिसंग्रहालयात 2018 मध्ये जन्मलेल्या मादीला फुटबॉल क्लबनं दत्तक घेतलं आणि क्लबचंच ‘हेर्था’ हे नाव तिला मिळालं. एरवी ते बाईचं चांगलं नाव आहे, तेवढीच तिची सुटका.

आणि एक गल्लत. नाव म्हणजे ओळख, असं समजलं जातं. याच हेर्थाच्या आईबापांबद्दल 2021 मध्ये कळलं की ते भाऊबहीण आहेत. आई टोन्या मॉस्कोत जन्मली होती आणि तिथल्या नोंदींत तिची दुसऱ्याच पिल्लाशी अदलाबदल झाली होती. नाव बरोबर, अस्वल भलतंच. डीएनए तपासला तेव्हा उलगडा झाला. जपानात कुशिरो इथे त्सुयोशी नावाचं अस्वल होतं. एका बेसबॉलपटूचं, पुरुषी, ताकदीचं नाव. त्याला जोडीदारीण आणली, काही केल्या जमेना. 2008 मध्ये नीट तपासलं तर त्सुयोशी मादी निघाली. नाव तेच ठेवलं, आणि उत्तम केलं.

रानातल्या अस्वलांना संशोधक नावं देत बसत नाहीत. कानाला बिल्ला, ओठाच्या आत गोंदलेला आकडा. मादीच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बसतो. नराची मान डोक्याहून जाड, त्यामुळे पट्टा निसटून जातो. यात गैर काही नाही. पण कॅनडा सरकारनं 1941 पासून माणसांनाही हेच केलं होतं. इनुइट लोकांची नावं कारकुनांना लिहिता येईनात, आडनाव हा प्रकार त्यांच्यात नव्हता, म्हणून प्रत्येकाला गळ्यात अडकवायची आकडा कोरलेली चकती दिली गेली. ज्या समाजात गेलेल्या माणसाचं नाव जन्मलेल्या बाळाला देतात आणि मग आई स्वतःच्या तान्ह्या मुलाला ‘आजी’ अशी हाक मारू शकते, त्यांना आकडे. आजोबांचं नाव नातवाला ठेवून, सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून त्याला ‘अण्णा’ म्हणत राहिलेल्या आपल्या आज्यांना हे नातं कुणी न सांगता समजलं असतं.

नाव न घेण्यावरून आठवलं. रशियन भाषेत अस्वल म्हणजे ‘मेद्वेद’, मध खाणारा. त्यातला मध आपलाच ‘मधु’. इंग्रजी, जर्मन, स्वीडिश शब्दांचा अर्थ बहुधा ‘तपकिरी’. रानात खरं नाव घेतलं तर येईल या भीतीनं मूळ शब्द टाकून दिला, असं भाषातज्ज्ञ मानतात. उखाणाच म्हणायचा. तो मूळ शब्द ग्रीकात ‘आर्क्टोस’ म्हणून उरला, संस्कृतात ‘ऋक्ष’ म्हणून. ग्रीकांनी सप्तर्षींच्या तारकांत अस्वल पाहिलं आणि त्या ताऱ्यांखालचा प्रदेश तो आर्क्टिक. तिथे पांढरी अस्वलं राहतात म्हणून नव्हे. हेही मी दरवर्षी खोडते.

मध्यंतरी एका लेखिकेशी फोनवर बराच वेळ झाला. तिची गोष्ट सिंगापूरची, पिल्लाला बाटलीनं दूध पाजणारा रखवालदार तमिळ, आणि पिल्लाचं नाव अर्थातच नानुक. मी म्हटलं, तुझा हा माणूस रात्री दोन वाजता बाटली घेऊन उठला की काय म्हणून हाक मारेल? ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘तंबी.’ तमिळमध्ये धाकटा भाऊ. मी नानुक खोडून तंबी केलं आणि पानं पुढे पाठवली.

मुद्रितशोधकांकडून ती समासातल्या प्रश्नासह परत आली: ‘अस्वलाला तंबी कशाबद्दल दिली, ते गोष्टीत आलेलं नाही.’