पृथ्वीबाहेरची कमाई करमुक्त असते का?
गिरगावातल्या आमच्या चाळीत एका काकांनी ‘चंद्रावरील एक एकर’ असे सोनेरी अक्षरांतले प्रमाणपत्र चौकटीत लावले आहे, आणि तिथल्या कमाईवर कर नाही, अशी त्यांची ठाम समजूत आहे. कष्टाचा पैसा असा गुंतलेला पाहून वाईट वाटते, म्हणून हा खुलासा. १९६७ च्या अंतराळ करारानुसार कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर किंवा ग्रहांवर सार्वभौमत्व सांगता येत नाही, त्यामुळे तिथे स्थानिक करवसुली नाही, हे खरे. मात्र त्याच करारानुसार यानावर आणि त्यातील माणसांवर नोंदणी करणाऱ्या देशाचा अधिकार कायम राहतो. शिवाय आपला प्राप्तिकर कायदा मुख्यतः माणसाचे निवासित्व, म्हणजे करासाठी तो भारताचा निवासी ठरतो का, हे पाहतो: ‘सर्वसाधारण निवासी’ (कायद्याने भारताचा पूर्ण निवासी) ठरलेल्या मुंबईकराचे भारताबाहेरचे उत्पन्नही, मग ते कुठलेही असो, करपात्र असते.