ज्याच्या कार्डावर सेल्स लिहिलेलं नसतं तो

मशीन सुरू झालं की टेक्निशियन हात पुसत म्हणतो, "बेल्ट आत्ता नका बदलू, चालेल अजून, पण कडेला चिरा पडल्यात त्या बघून ठेवा." बोट ठेवून चिरा दाखवतो, बॅग उचलतो आणि जातो. दोन महिन्यांनी बेल्टची ऑर्डर येते आणि जमा होते सेल्सवाल्याच्या टार्गेटमध्ये. मग विकला कोणी?

छोट्या धंद्यात माणसं पाच-सात, त्यातल्या एकाच्या कार्डावर सेल्स लिहिलेलं असतं, बाकीचे "ते आपलं काम नाही" म्हणून मोकळे. गिऱ्हाइकाला त्याचं काय, ज्याच्याशी बोलणं झालं तीच त्याच्यासाठी अख्खी कंपनी.

टेक्निशियनचं पटतं कारण तो स्वतःच्या फायद्याच्या उलट बोलला. हे 1966 मध्ये वॉल्स्टर, अ‍ॅरनसन आणि अब्राहम्स यांनी तपासलं होतं, त्यात गुन्हेगाराच्या तोंडी कायदा अजून कडक करा अशी बाजू दिली तर लोकांवर चांगलाच परिणाम झाला, तोच स्वतःच्या सोयीचं बोलला की कोणी फारसं मनावर घेईना. सेल्सवाल्याची अडचण हीच, त्याचं खरं बोलणंही सोयीचंच वाटतं.

फोन उचलणाऱ्याचं वेगळंच. हसताना ओठ मागे ओढले जातात, त्यामुळे घशापासून ओठांपर्यंतची पोकळी जराशी आखूड होते आणि आवाज बदलतो. विवियन टार्टर यांनी 1980 मध्ये दाखवलं की नुसतं ऐकूनही बोलणारा हसतोय हे लोक ओळखतात. वैतागून म्हटलेलं "हां, बोला" पण पोचत असणारच की!

अकाउंट्सवाल्यांना तर कोणी सेल्समध्ये धरतच नाही, पण अ‍ॅडव्हान्स मागणं म्हणजे एखादी गोष्ट गळी उतरवणंच. एलेन लँगर यांचा 1978 चा झेरॉक्सच्या रांगेतला प्रयोग बऱ्याच ट्रेनिंगमध्ये सांगतात, पाच पानांसाठी मध्ये घुसू द्या म्हटलं तर 60 टक्के हो म्हणाले, "कारण मला कॉपी काढायच्यात" असं फुसकं कारण जोडलं तर 93 टक्के. पुढचा भाग मात्र गाळतात (का ते कळत नाही, खरी गंमत तिथेच आहे). वीस पानं म्हटल्यावर फुसक्या कारणाने काहीच फरक पडला नाही, दोन्हीकडे 24 टक्के, आणि घाईचं खरं कारण सांगितलं तेव्हा 42. म्हणजे मोठी रक्कम मागताना "आमची पॉलिसी आहे" हे वीस पानांचं फुसकं कारण झालं, त्यापेक्षा माल आधी भरावा लागतो हे सरळ सांगितलेलं बरं.

आतल्या खोलीत काम करणारेही सुटत नाहीत. हार्वर्डच्या रायन ब्यूएल आणि सहकाऱ्यांनी एका कॅफेटेरियात स्वयंपाकी आणि जेवणाऱ्यांना स्क्रीनवर एकमेकांना दाखवलं, तर जेवणाऱ्यांचं समाधान 17.3 टक्के वाढलं. रेसिपी वगैरे तीच.

हे वाचून काही मालक लगेच सगळ्यांना कमिशन लावतील, आमच्या एका जुन्या ऑफिसात लावलं होतं. महिन्याभरात टेक्निशियन प्रत्येक बेल्टकडे बघून "हा गेलाच" म्हणायला लागला आणि लोकही त्याला म्हणायला लागले, "बरं, विचारून सांगतो."